जुंपून घेतलेला लॅपटॉप

"कशाला पाहिजे तुला लॅपटॉप?" असं त्या वर्षी मला ज्यानं त्यानं विचारलं आणि मी ज्याला त्याला एकच उत्तर दिलं, "खेळायला." शिलाईचा हिशोब ठेवायला म्हणाले असते, ब्लाउजच्या डिझाइन बघायला म्हणाले असते, तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण चाळिशीतली बाई, अंबडसारख्या गावात राहणारी, नवरा कोर्टात कारकून, पोरगा पुण्याला इंजिनियरिंगला, आणि हिला खेळायला लॅपटॉप पाहिजे! गल्लीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. लावा म्हटलं. पदर तुमचा, तोंड तुमचं.

पैसे माझ्या शिलाईचे होते. एवढं सांगते आणि पैशाचा विषय इथंच मिटवते, कारण तेव्हाही लोक तोच विषय पुढं करायचे. भांडण पैशाचं नव्हतंच, भांडण 'खेळायला' या शब्दाचं होतं.

झालं असं होतं की पोरगा अकरावीला गेला तेव्हा त्याच्यासाठी घरात कॉम्प्युटर आला. अभ्यासासाठी आला. अभ्यास किती झाला ते देवाला माहीत, पण त्यावर एक ट्रक चालवायचा गेम होता. माल भरायचा, दूरच्या गावाला न्यायचा, धडकवल्याशिवाय उतरवायचा. रस्ते कुठल्या तरी परदेशातले, लोण्यासारखे, आमच्या अंबड-जालना रस्त्यासारखे हाडं खिळखिळी करणारे नव्हेत. पोरगा कॉलेजला गेला की दुपारी शिवणकाम बाजूला सारून मी बसायचे. पहिले काही दिवस ट्रक नेमका खांबावर जायचा. मग हात बसला. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, हे मी बाहीची गोलाई शिवताना रोजच करत होते. मागे घेऊन ट्रक गोदामाला लावायला पोराला जमायचं नाही, ते मी एका झटक्यात करायचे. तो म्हणायचा, "आई, तू खतरनाक आहेस." मला त्याचं किती बरं वाटायचं ते मी त्याला कधी कळू दिलं नाही.

पुढं तो पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर संगं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीनं मी त्या रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसले आणि मला रडू फुटलं. पोरगा गेल्याचं रडू आदल्या दिवशी एसटी स्टँडवर येऊन गेलं होतं. हे ट्रकचं होतं. आता हसायचं तर हसा.

आमचे हे स्वभावानं गरीब. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी तर कोर्टातल्या माणसाच्या घराचं माप ओलांडलं. दिवसभर कचेरीत लोकांना पुढची तारीख पडताना बघून यांना घरीही तीच सवय. लॅपटॉपचं म्हटलं की, "बघू दसऱ्याला." दसरा आला की, "बघू संक्रांतीला." मी रोज जेवायला वाढताना विषय काढायला लागले तेव्हा एका दुपारी यांनी ताटावरच तडजोड मांडली.

"घेऊ. माझी बिलकुल ना न्हाई. फक्त लोकांना सांगताना पोरासाठी घेतला म्हणायचं. सांगायला आपलं काय जातं?"

"माझं जातं," मी म्हणाले.

"काय जातं?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी भाजीचं भांडं आदळलं आणि आत निघून गेले. पण काय जातं ते मला पक्कं माहीत होतं, आणि ते कळायला वाटूरला जावं लागेल, एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला.

माझं माहेर वाटूरचं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. गोट्या खेळण्यात आख्ख्या आळीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. पोरींबरोबर सागरगोटे खेळायचे ते आईच्या समाधानासाठी, खरा जीव गोट्यांत. टाचेनं मातीत खड्डा करायचा, मधलं बोट ताणून धरायचं आणि समोरच्याची गोटी अशी टिपायची की ती टणकन उडून भिंतीला लागली पाहिजे. पोरं माझ्याशी खेळायला कचरायची. जिंकलेल्या गोट्या मी जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या पिशवीत ठेवायचे. ती पिशवी मी स्वतः शिवलेली, माझ्या आयुष्यातली पहिली शिवण.

आमच्या घरात आत्याचा शब्द चालायचा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती थोरली बहीण. लवकर माहेरी परत आली होती आणि घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. आई तिच्यापुढं तोंड उघडत नसे. एके दिवशी सकाळी आमचा डाव ऐन रंगात आलेला. शेवटची गोटी टिपायची होती, नेम लागलेला होता, बोट ताणलेलं होतं, आणि आत्या आली. तिनं काही न बोलता शेजारी ठेवलेली पिशवी उचलली, चार पावलांवर आड होता तिथं गेली आणि पिशवी उलटी केली. आडात गोट्या पडल्याचा आवाज पावसाच्या टपोऱ्या थेंबांसारखा आला. रिकामी पिशवी तिनं झटकली, घडी घातली आणि मला परत दिली. कापड वाया जाऊ नये म्हणून.

"घोडी झालीस आता. खेळायचे दिवस सरले," ती म्हणाली.

"माझा डाव राह्यला होता ना गं!" मी ओरडले.

"डाव गेला खड्ड्यात. भाकरी थापायला चल."

आणि गेले. जाण्यावाचून काय करणार? पोरं खिदळत होती. त्या दिवशीच्या भाकरी मी इतक्या जोरानं थापल्या की आई म्हणाली, परातीला भोक पाडशील. त्यानंतर मी शिकले, लग्न केलं, शिवण शिकले, पोर वाढवलं, पण जे केलं ते कशासाठी तरी केलं. नुसतं खेळायचं म्हणून काही केलं नाही. ते परत हाताला लागलं थेट त्या ट्रकवर. आणि आता ते घ्यायचं तर पोराचं नाव लावून घ्यायचं? चोरून खायला ती काय साय होती?

माझा हेका बघून यांनी शेवटी हात टेकले. पोराला फोन केला तर तो आधी खो खो हसला. मग म्हणाला, "आई, घे बिनधास्त. मी सुटीला आलो की मलाच होईल."

"तुला हात लावू देईन की न्हाई ते बघू. तू काय बघून घ्यायचा तेवढं सांग."

त्यानं सांगितलं. साधा लॅपटॉप घेऊ नको, त्यावर लिहिण्या-वाचण्याचं काम होईल, गेम चालणार नाही. ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे, म्हणजे चित्रं पळवणारा मेंदू वेगळा पाहिजे. पंखा दमदार पाहिजे, कारण गेम खेळला की तो तापतो. दुकानदार म्हणेल सगळं सारखंच असतं, ऐकू नको. मी म्हटलं, "बाजार कसा करायचा ते मला शिकवू नको. मी आबांची पोरगी आहे."

आबांना बैलाची पारख होती. गावात कुणाला बैल घ्यायचा झाला की आबांना संगं न्यायचे. लहानपणी परतूरच्या बाजारात मी त्यांच्या खांद्यावर बसून गेलेली आहे. दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी उचलून बघायची, हे सगळेच करतात. पण आबा त्यावर समाधान मानायचे नाहीत. "जुंपून दाव," म्हणायचे. गाडीला बैल जोडायचा, चाकात लाकूड घालून चाकं अडकवायची, वर दोन-चार दांडगे गडी बसवायचे आणि मग बैलाला हाकायचं. चाकं फिरत नाहीत, ओढायचं नुसत्या छातीच्या जोरावर. चांगला बैल मान खाली घालून ओढत राहतो. आणि एकदा का जनावर खाली बसलं की खलास. बसका बैल आबा फुकट दिला तरी घेत नसत. विकणारा शपथा घ्यायचा, आज ऊन जास्त आहे, लांबून चालत आलाय, सकाळपासून पाणी न्हाई पाजलं. आबा म्हणायचे, बसक्या बैलाच्या मालकाकडं कारणांची कमी नसते.

तर मी गेमची सीडी पिशवीत घातली आणि आम्ही दोघं जालन्याला गेलो.

दुकान मोठं होतं, काचेचं. दुकानदार गोरागोमटा, गोड बोलणारा. आम्ही बसलो तसा तो यांच्याकडं वळला. "बोला साहेब. मुलगा कितवीला?"

"इकडं बोला," मी म्हणाले. "लॅपटॉप मला पाहिजे."

"हां, हां, वहिनींना. घरच्या वापराला ना? हा बघा, एकदम हलका, लेडीजसाठी बराबर. कलर पण छान." त्यानं गुलाबी झाकणाचा एक चिमुकला लॅपटॉप समोर ठेवला. हौसेनं घेतलेल्या पावडरच्या डब्यासारखा दिसत होता.

"गेम खेळायला पाहिजे. ग्राफिक्स कार्ड वेगळं असलेला दाखवा."

त्यानं पुन्हा यांच्याकडं पाहिलं. यांनी लगेच छताच्या पंख्याकडं पाहिलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, पत्त्यांचा गेम यात आहेच. फुकट."

"पत्ते म्हातारपणी खेळीन. मला ट्रक चालवायचाय."

शेजारी एक जोडपं प्रिंटर बघत होतं, ते वळून बघायला लागलं. यांनी माझ्या साडीचा काठ खालून ओढला. मी काठ सोडवून घेतला, सीडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "यात हा गेम टाका. चालवून बघते, मग घेते."

"असं न्हाई करता येत वहिनी. नवा पीस आहे. सील फुटतं, गेम टाकायला वेळ जातो."

"बाजारात बैलसुद्धा नवाच असतो. जुंपल्याशिवाय घेतो का कुणी?"

"हा काय बैल आहे का?"

"बैलापेक्षा महाग आहे म्हणूनच म्हणून राह्यले."

यावर तो प्रिंटरवाला माणूस हसला आणि म्हणाला, "बाई बराबर बोलून राह्यल्यात, शेठ." शेठला गिऱ्हाइकासमोर माघार घेणं भाग पडलं. त्यानं दाखवायला ठेवलेले दोन लॅपटॉप पुढं ओढले. पहिल्यावर गेम टाकला. ट्रक निघाला आणि असा अडकत अडकत चालला की उचकी लागल्यासारखा. वळणावर तर चित्रच थांबलं. "हा न्हाई," मी म्हणाले. दुकानदार म्हणाला, सवय झाली की जाणवत नाही. सवय! आयुष्यभर बायकांना हेच सांगतात.

दुसरा काळा होता, जाड, वजनाला पाट्यासारखा. दुकानदार स्वतःच म्हणाला, हा तुम्हाला झेपायचा नाही. मी म्हटलं, पाण्यानं भरलेला हंडा झेपतो, हा कुठं राह्यला. त्यावर गेम टाकला आणि ट्रक निघाला. बाई बाई बाई! पोराच्या कॉम्प्युटरवर जी झाडं नुसते हिरवे डाग दिसायची त्यांची पानं दिसत होती. रस्त्यावर पाऊस पडला तर काचेवरून थेंब ओघळत होते. पंखा घूंघूं करत होता, पण ट्रक अडकत नव्हता. मी मुद्दाम दाट गर्दीच्या गावात घातला, मुद्दाम मालाचं मोठं वजन घेतलं. आबांनी चाकं अडकवून गडी बसवले असते तसेच. तो ओढत राहिला. प्रिंटरवालं जोडपं प्रिंटर सोडून माझ्या मागं येऊन उभं राहिलं होतं. आणखी दोघं-तिघं आले. "डाव्या अंगाला घ्या ताई," कुणीतरी म्हणालं. "मला दिसतंय," मी म्हणाले.

गोदाम समोर आलं. ट्रक मागं घ्यायला सुरुवात केली आणि दुकानातले दिवे गेले. लोडशेडिंगची वेळ झाली होती. लॅपटॉप चालूच राहिला, पण ट्रक मात्र चिखलात रुतल्यासारखा झाला. वळवावा तर वळेना, थांबवावा तर थांबेना. उचकी देत देत गेला आणि भिंतीला धडकला. मागं उभे होते ते च्च् च्च् करायला लागले.

"बॅटरीवर असंच होतं वहिनी," दुकानदार घाईघाईनं म्हणाला. "लाइट आली की बिलकुल पहिल्यासारखा पळेल."

माझ्या डोळ्यांपुढं परतूरचा बाजार उभा राहिला. ऊन जास्त आहे. लांबून आलाय. पाणी न्हाई पाजलं. मी सीडी काढून घेतली, पिशवीत टाकली आणि उठले. "बसका आहे," म्हणाले आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. मागनं हे पळत आले.

स्टँडजवळच्या रसवंतीत बसलो. इतका देखणा, इतक्या ताकदीचा, आणि ऐन वेळी बसला. हे म्हणाले, जाऊ दे, संक्रांतीला औरंगाबादला जाऊन बघू. पुन्हा पुढची तारीख. रस सांगितला तर रसवंतीवाला म्हणाला, "थांबावं लागंल, लाइट गेली. चरक बंद हाय." ऊस चरकात तसाच अर्धा चिरडलेला अडकून होता.

हे बराच वेळ त्या चरकाकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "अगं, रागवू नको, पण एक विचारू का?"

"विचारा."

"हा चरक लाइटीवाचून थांबला. मग हा माणूस चरक विकून टाकतो का?"

मी त्यांच्याकडं बघितलं.

"न्हाई, म्हणजे बैल बसला तो वेगळा," ते म्हणाले. "पण ओढता ओढता मधेच कुणी वैरण काढून घेतली, उपाशी ठेवला आणि मग बसला, तर त्याला बसका म्हणायचं का? तुझे आबा काय म्हणाले असते?"

लग्नाला वीस-एक वर्षं झाली होती, पण या माणसानं कधी एवढा लांबलचक युक्तिवाद केलेला मी ऐकला नव्हता. वकिलांचं ऐकून ऐकून कधीतरी उपयोग होणारच. आणि बोलणं खरं होतं. आबांची पोरगी म्हणून मिरवताना माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही की लोडशेडिंग बैलाला होत नसतं. तेवढ्यात लाइट आली, चरक करकरत सुरू झाला आणि आम्ही रस न पिताच उठलो. रसवंतीवाला मागनं ओरडला असेल, ऐकायला कोण थांबलंय!

दुकानदार आम्हाला पाहून हसला, ते मला आवडलं नाही. "हसू नका," मी म्हणाले. "पुन्हा जुंपा." वायर लावून गेम लावला, ट्रक भन्नाट पळाला. मी स्वतः हातानं वायर उपटली, ट्रक लंगडायला लागला. पुन्हा लावली, पुन्हा पळाला. असं दोनतीनदा केलं. विकणाऱ्यानं सांगितलेलं कारण खरं निघालेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मग गोदामासमोर ट्रक नेला, मागं घेतला आणि अलगद भिंतीला न लागता लावला. "घेतला," म्हणाले. दुकानदारानं त्याच जातीचा नवाकोरा पीस आतून आणला, खोक्यात घातला आणि खोकं यांच्या हातात द्यायला गेला. मी मधेच धरलं. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं मालक ठेवून घेतो, घरची लक्ष्मी जाऊ नये म्हणून. याची वायर मात्र आठवणीनं मागून घेतली. नाही तर आयुष्यभर बसकाच राह्यला असता.

परतीच्या एसटीत खोकं माझ्या मांडीवर होतं. पुढच्या बाकावर यांच्या कोर्टातले एक वकील बसलेले. वळून म्हणाले, "काय हो, काय खरेदी?"

"लॅपटॉप," हे म्हणाले.

"अरे वा! चिरंजीवांसाठी का?"

हे जरा घुटमळले. गाडी खड्ड्यातून गेली, सगळे एकदम वर उडून खाली आलो. "घरच्यासाठी," एवढंच म्हणाले. खोटं बोलले नाहीत, हीच त्यांच्या मानानं मोठी उडी. पण मला तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"माझ्यासाठी, वकीलसाहेब," मी म्हणाले. एसटीच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून चांगलं ओरडूनच म्हणाले. "खेळायला घेतलाय. मी ट्रकचा गेम खेळते."

"या वयात?" ते हसत म्हणाले.

"त्या वयात कुणी खेळू दिलं न्हाई म्हणून या वयात."

वकील पुढं तोंड करून बसले. यांनी खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. उद्या कोर्टभर होणार हे त्यांना कळलं होतं. झालंही. काही दिवस यांना 'ट्रक मालक' म्हणत होते म्हणे. हे घरी येऊन सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्या दिवशी घरात आल्या आल्या यांनी लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं, नारळ मात्र मी अंगणात फोडायला लावला. आणि खालून हवा लागावी म्हणून आपला जेवायचा पाट त्यांनी मला आणून दिला. तेव्हापासून लॅपटॉप पाटावर आणि हे चटईवर.

पुढच्या हिवाळ्यात आत्या आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काही दिवस विसाव्याला म्हणून भावाच्या पोरीकडं अंबडला. वाकली होती, दात गेले होते, कमरेच्या किल्ल्या कधीच माहेरच्या सुनांकडं गेल्या होत्या. मी तिचं सगळं केलं, डोळ्यात थेंब टाकले, मऊ भात दिला. आणि दुपार झाली की तिच्या अगदी समोर पाट मांडून ट्रक चालवायला बसले. मुद्दाम. मला ऐकायचं होतं तिच्या तोंडून, घोडी झालीस, खेळतीस काय. उत्तरं माझ्याजवळ तयार होती. इतकी वर्षं घासून घासून धार लावलेली.

ती काही बोललीच नाही. खाटेवरून उतरून माझ्याजवळ सरकली, नव्या डोळ्यांनी बघत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काय करून राह्यलीस गं हे?"

"खेळून राह्यले."

"मला दे की जरा."

मी दिलं. चार बटणं दाखवली. तिनं ट्रक थेट शेतात घातला आणि बोळक्या तोंडानं अशी हसली की शेजारीण डोकावून गेली. मग रोजचंच झालं. जेवण झालं की पाटासमोर आत्या. मी मशीनवर बसून शिवायचे आणि कानावर यायचं, "हो बाजूला मेल्या! हॉर्न दे, हॉर्न दे!" मला बोलायलाच जागा राहिली नाही. माझी धार लावलेली उत्तरं तशीच पडून राहिली आणि माझा जीव आतल्या आत जळायला लागला.

एका दुपारी मी मशीन थांबवलं आणि तिच्या मागं जाऊन उभी राहिले. "आत्या, माझ्या गोट्या तू आडात टाकल्या होत्यास. आठवतंय?"

"कोन्च्या गोट्या?" ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"वाटूरला. माझा डाव चालू होता. पिशवी उलटी केलीस तू."

"मला न्हाई आठवत बा." तिनं वळण घेतलं. "टाकल्या असतील. लई कामं असायची तवा."

टाकल्या असतील! कचरा टाकावा, पाणी ओतावं, तसं ते तिच्या एका सकाळचं काम होतं. करून ती विसरली, आणि मी ते तीस वर्षं उराशी घेऊन फिरले. माझा हात पुढं गेला आणि लॅपटॉपच्या झाकणावर पडला. मिटला की संपलं. तिला कळू दे एकदा.

तिनं माझा हात पाहिला. दोन्ही हातांनी पाट धरून ठेवला आणि लहान पोरीसारखी कळवळून म्हणाली, "अगं थांब की! माझं राह्यलंय अजून!"

मी तिथंच थबकले. आडातला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. हात उचलला. माफ केलं म्हणून नाही. तिला तर मी आजही माफ केलेलं नाही. पण चालू डाव मोडणारी बाई आमच्या घरात एक होऊन गेली तेवढी पुष्कळ झाली. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तिचा ट्रक गोदामापर्यंत पोचला, तिनं तो वाकडातिकडा मागं घेतला, भिंतीला घासला, शेवटी एकदाचा लावला आणि खुशीनं माझ्याकडं बघितलं.

"झालं?" मी म्हणाले. "आता सरक तिकडं. माझा डाव हाय. लई दिवसांचा राह्यलाय."

ती सरकली.